बाकावरची माणसे

आमच्या घरात दोन पक्ष आहेत, एक शिरूरचा आणि दुसरा दौंडचा. शिरूर पक्षाचे पुढारी आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. दौंड पक्षाचा पुढारी आमचा दादा. ताईच्या लग्नात पंगतीला मठ्ठा आधी वाढायचा की जिलबी, यावरून या दोघांत जो मतभेद झाला, तो पुढे निवडणुका, उसाचा भाव, हापूस की पायरी असा वाढतच गेला. मी पुण्यात राहतो आणि दोघांनाही धाकटा, त्यामुळे न्यायाधीशाचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. या नोकरीला पगार नाही. चहा मात्र दोन्हीकडे मिळतो.

2024 च्या फेब्रुवारीत खटला निघाला तो कबड्डीचा. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाची साखळी नुकतीच संपली होती. पुणेरी पलटण 96 गुण मिळवून पहिली, जयपूर पिंक पँथर्स 92 गुणांनी दुसरे. पहिल्या दोघांना उपांत्य फेरीत थेट पाट मांडलेला. बाकीच्या चौघांनी आधी एकेक सामना जिंकून यायचे. पुढचे सगळे सामने हैदराबादला. दाजी अर्थातच पुण्याच्या बाजूचे, आपल्या जिल्ह्याचा संघ म्हणून. आणि दाजी पुण्याचे म्हणून दादा जयपूरचा! त्याने जन्मात जयपूर पाहिलेले नाही.

पण वाद 'कोण जिंकणार' हा नव्हताच. दाजी फोनवर म्हणाले होते, "पुण्याचा बाक जड आहे." त्यावर दादा म्हणाला, "बाकावर बसून कुणी सामने जिंकल्याचे मी ऐकले नाही." झाले! कुणाचा बाक जड, याचा निकाल मी द्यायचा आणि हरणाऱ्याने जिलबी-मठ्ठा घालायचा असे ठरले.

मी पॅसेंजरने दौंडला गेलो. दादाने शंभर पानी वही काढून ठेवली होती. त्यात जयपूरचे सात गडी ताम्रपटासारखे कोरलेले. चढाईला अर्जुन देशवाल आणि अजित कुमार. कोपऱ्यांना अंकुश राठी आणि साहुल कुमार. मध्ये कप्तान सुनील कुमार आणि इराणचा रझा मीरबाघेरी. "2022 साली याच पोरांनी करंडक नेला," दादा म्हणाला. "तेव्हा एकट्या अर्जुनने मोसमात चढाईचे 296 गुण आणले होते. ज्यांचे सात पक्के, त्यांना बाकाची गरज काय? आमच्या गाडीला एकच इंजिन पुरते."

दौंडच्या माणसाने इंजिनाचा दाखला दिला की वाद संपला असे समजायचे असते. तरी मी विचारले, "आणि इंजिन बंद पडले तर?"

"वहिनीने भजी केली आहेत, ती खा," दादा म्हणाला.

तिथून एसटीने चौफुला, न्हावरे करीत शिरूरला आलो. दाजींची वही नव्हती, सगळे तोंडपाठ. त्यांचे म्हणणे असे, की मोसमात चढाईच्या गुणांत जे पहिले पाच आले, त्यांत पुण्याचा एकही नाही आणि हीच पुण्याची श्रीमंती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अशा चौघांत ओझे वाटलेले. उलट सगळ्यांत महागडा गडी पवन सेहरावत. त्याला तेलुगू टायटन्सनी 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले आणि तो संघ आला बारावा, म्हणजे शेवटचा.

"दादा विचारतोय," मी वकिली केली, "बाक एवढा जड, तर पुण्याने त्या इराणी शादलूईला 2 कोटी 35 लाख कशाला मोजले?"

"त्याने पकडीचे 99 गुण आणले म्हणून!" दाजी म्हणाले. "दारात एक धिप्पाड गुरखा असला म्हणजे घरात माणसे नाहीत असे होते का?"

आता यात थोडे मलाही कळते, म्हणून सांगतो. कबड्डीत बाक दोन असतात. एक बाद झालेल्यांचा. तिथला गडी आपल्या पोरांनी गुण आणला की पाळीपाळीने जिवंत होऊन परत येतो. हुतुतूच्या जमान्यात या प्रकाराला संजीवनी असे फार सुंदर नाव होते. दुसरा बाक राखीव पाच जणांचा. त्यांना कुणी मारत नाही आणि जिवंतही करत नाही. शिक्षकाची नजर वळेल तेव्हाच त्यांचा जन्म. पण या दोन बाकांचे नाते जवळचे आहे. तुमचा मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, की तो परत येईपर्यंत चढाई कुणीतरी करायचीच असते. क्रिकेटमध्ये बारावा गडी पाणी नेतो. कबड्डीत दुसऱ्या-तिसऱ्याची परीक्षा दर पाच मिनिटांनी होते, त्यासाठी कुणाचा पाय मोडावा लागत नाही. दादाच्या वहीत नेमके हेच पान कोरे होते.

शिवाय दाजींच्या बाजूने एक पुरावा होता. डिसेंबर 2022 च्या उपांत्य सामन्यात पुण्याकडे अस्लमही नव्हता आणि मोहितही नव्हता. दोन्ही खांब गेलेले. त्या दिवशी पंकज मोहितेने 16 गुण आणले आणि पुण्याने तमिळ थलैवाजना 39-37 असे हरवले. मग अंतिम सामना जयपूरशी.

"तो हरलात!" फोनवरून दादा.

"33-29. चार गुणांनी," दाजी म्हणाले. "दोन खांब नसताना घर चार गुणांनीच कलले, दादासाहेब."

एवढा वेळ माझा भाचा दाराशी बसून नखे खात होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, तालुक्यातल्या एका संघात खेळतो. खेळतो म्हणजे बसतो. ताईने मला खरे बोलावले होते ते त्याच्यासाठी, हे तिने स्वयंपाकघरात हळूच सांगितले. अकरा सामन्यांत मिळून त्याला चार मिनिटे मिळाली होती. दुसऱ्या गावचा संघ त्याला पहिल्या सातांत घ्यायला तयार होता. संघ अगदीच सामान्य, पण पहिले सात ते पहिले सात.

"मामा, बाक जड म्हणता ना," तो एकदम म्हणाला, "मग एकदा बसून बघा त्याच्यावर."

दाजींनी डोळे वटारले. मी म्हणालो, "राहू द्या, दाजी. मी बसलोय."

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. नववीत असताना मी दौंडला शाळेच्या संघात राखीव होतो. राखीवांतला पहिला. वर्षभर कुरकुर केली, की सर मला घेत नाहीत, सरांचा माझ्यावर राग आहे. आईलाही ते पटले होते. मग सामना झाला तो इथेच, शिरूरला, घोडनदीच्या बाजूच्या मैदानावर. उत्तरार्धात आमच्या मुख्य गड्याचा घोटा मुरगळला. सर बाकाकडे वळले. मी पहिला होतो आणि मी खाली वाकून गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा बांधायला लागलो. ती उत्तम बांधलेली होती. सरांची नजर माझ्या मानेवर क्षणभर थांबली असावी. मला ती उन्हासारखी जाणवली. मग ती पुढे सरकली आणि माझ्याशेजारचा काटकुळा पोरगा उठला. पहिल्याच चढाईत तो पकडला गेला. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. पुढच्या वर्षी तो पहिल्या सातांत होता. मी पट्टी बांधीतच राहिलो.

भाचा काही बोलला नाही. ताई पातेले घासायची थांबली होती. दाजी तर आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेले मी पाहिले. थोड्या वेळाने भाच्याने विचारले, "मग सरांना कळले होते का?"

"त्यांनी पुन्हा कधी माझ्याकडे पाहिले नाही. त्यावरून काय ते समज."

"मला बोलावले तर मी उठेन," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "वाटते तरी."

28 फेब्रुवारीला उपांत्य सामने झाले. पुण्याने पाटण्याला 37-21 असे सहज मागे टाकले. जयपूरला मात्र हरियाणाने 31-27 असे घरी पाठवले. दादाचा फोन आला नाही. आम्हीच केला, तर वहिनी म्हणाली, ते झोपले आहेत. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

1 मार्चचा अंतिम सामना मी शिरूरलाच पाहिला. हरियाणाने पुण्याला सहज काही दिले नाही. मध्यंतराच्या सुमारास पंकज मोहितेने एका चढाईत चौघांना बाद केले, तेव्हा दाजींच्या आरोळीने शेजारची म्हातारी उठून आली. 28-25. पुण्याचा पहिला करंडक, आणि सर्वाधिक 9 गुण पंकजचेच. त्या रात्री माझे लक्ष निम्मे भाच्याकडे होते. चढाई चालू असताना तो टेकून बसे. चित्र राखीव गड्यांच्या बाकाकडे वळले की पुढे सरके.

निकाल मी दाजींच्या बाजूने दिला. दादाने अपील केले. जयपूर पुण्याकडून हरलेच नाही, हरियाणाकडून हरले, तेव्हा बाकाची तुलना सिद्ध होत नाही, असा त्याचा मुद्दा. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हे मला न्यायाधीश म्हणून मान्य करावे लागते. तडजोड म्हणून जिलबी दादाची आणि मठ्ठा दाजींचा असे ठरले. आधी काय वाढायचे यावर अजून एकमत नाही.

एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. पोरगा जुन्याच संघात राहिला होता. एका यात्रेतल्या सामन्यात त्याला अकरा मिनिटे मिळाली. दोनदा पकडला गेला, एकदा बोनस घेऊन आला. मी विचारले, "कुणाच्या जागी उतरला? स्वतः उठला, की उठवावे लागले?"

"ते मला काय ठाऊक बाबा," ताई म्हणाली. "गुडघा फोडून आलाय. हळद लावतेय, मग करते तुला फोन."