शरदाच्या उन्हात, मीनेच्या खोऱ्यात

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात आहे. बुधवारची दुसरी पाळी संपवून तो मध्यरात्री घरी आला आणि म्हणाला, "मामा, पहाटे नारायणगडावर येता का? कॅमेरा घेतलाय, पण फोटो काढायला मोकळं रानच कुठं दिसत नाही."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, सुरू झाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या वसाहती पसरत गेल्या. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे कारखाने चाकणला आले. भाच्याच्या घरची सहा एकर जमीन त्यातच गेली. आता तिथे गोदाम उभे आहे आणि घरच्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. पैसा आला, पण शेताचा बांध गेला. भाच्याने आजवर औताचा कासरा हातात धरलेला नाही.

पहाटे पाचला दोन मोटारसायकलींवर आम्ही चौघे निघालो. तिघे कारखान्यातले तरुण आणि चौथा मी म्हातारा. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्ताखानाच्या फौजेशी जवळजवळ दोन महिने झुंजवलेला चाकणचा भुईकोट अंधारातच मागे पडला. राजगुरुनगरला भीमा ओलांडली, मंचरच्या पुढे घोड नदी ओलांडली. चाकणपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर नारायणगाव लागले, तेव्हा पूर्वेला तांबडे फुटले होते.

नारायणगाव म्हटले की पुष्कळांना तमाशाच्या राहुट्या आणि विठाबाई आठवतात, कुणाला टोमॅटोचा बाजार आठवतो. गाव वसले आहे मीना नदीच्या काठी. वर वडज येथे मीनेवर धरण आहे, शेजारी कुकडीवर येडगावचे. पूर्वी हा भाग बाजरी-हुलग्याचा होता. पाट आले तशी उसाची आणि द्राक्षांची हिरवळ आली. या खोऱ्याने वाइनही पाहिली आहे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन करण्याचा उद्योग उभारला. 'ओमर खय्याम' या नावाने ती बाटली परदेशातही विकली गेली. पुढे ती कंपनी बंद पडली. २००१ साली राज्य सरकारने वाइन उद्योगासाठी वेगळे धोरण आणले आणि या धंद्याचा जोर नाशिककडे वाढला. आज मीनेच्या खोऱ्यात मळे आहेत ते मुख्यतः खायच्या द्राक्षांचे. त्यातल्या एका काळ्या जातीचे नावच 'शरद' आहे.

खोडदच्या रस्त्याने गडाच्या वाडीला गेलो आणि गाड्या लावल्या. एका घरी चहा झाला. तिथल्या माउलीने बजावले, "उसाच्या कडंनं जाऊ नका, वाघरू असतं." जुन्नर तालुक्यात बिबट्या ही गोष्टीतली गोष्ट नाही. धरलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते. आम्ही चांगले फटफटल्यावरच पाऊल उचलले, तेही चौघे मिळून, मोठ्याने बोलत.

वाट चढाची आहे, पण अवघड नाही. वर खडकात कोरलेल्या पायऱ्या लागतात, पाण्याची टाकी लागतात, माथ्यावर हस्तामातेचे देऊळ आहे. पावसाळा नुकताच सरलेला. गवताचे शेंडे पिवळे पडू लागलेले, मुळाशी अजून हिरवे. कड्याच्या फटीत सोनकीची उरलीसुरली फुले होती. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, म्हणून शरदाच्या सकाळी लांबचे डोंगर अगदी हातावर ठेवल्यासारखे दिसतात. ऊन तिरपे असते, त्यामुळे प्रत्येक बांधाला आणि प्रत्येक सरीला सावली असते. भाचा म्हणाला, "मामा, दहा वाजेपर्यंतच काय ते. ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट दिसतं."

खाली पाहिले तर एकीकडे मीनेची वळणे, दोन्ही काठांना मळे. दुसरीकडे खोडदच्या दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या अशा तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. एकेकीचा व्यास पंचेचाळीस मीटर, म्हणजे तिच्या सावलीत आपले खळे सहज मावेल. तबकडी, ऊस आणि द्राक्षाचे मांडव एका चौकटीत बसवायला पोरांनी अर्धा तास घालवला.

परदेशातल्या द्राक्षांच्या खोऱ्यांची चित्रे कॅलेंडरवर असतात. तिकडे शरदात द्राक्षे तोडतात, पाने लाल-पिवळी होतात आणि मग थंडीत वेल झोपतो. पोरांच्या डोळ्यांपुढे तीच चित्रे होती. गड उतरून मळ्यांकडे आलो तर बाग बोडकी! नुसते तारांचे मांडव आणि काड्या. त्यांची तोंडे उतरली.

मळ्याचे मालक साठीचे गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "फोटू आत्ता कशाला काढता? माघात या, घड लोंबायला लागले की काढा."

मग त्यांनीच समजावले. आपल्याकडे वेलाला झोप लागेल एवढी थंडी पडत नाही, म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी तो घड बाहेर काढण्यासाठी. छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी माल तोडणीला येतो. तिकडच्या खोऱ्यात शरदात वर्ष संपते, इथे ते सुरू होते.

एका तुकड्यात दोन दिवसांपूर्वी छाटणी झाली होती. बाया-माणसे हातमोजे घालून काड्यांच्या डोळ्यांना औषध लावत होती. सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून ते लावतात. कोणता डोळा झाला, कोणता राहिला हे कळावे म्हणून त्यात तांबडा रंग मिसळला होता. मालकांनी एक गोष्ट निक्षून सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. हे औषध विषारी आहे. उघड्या हाताने लावू नये, आणि लावण्याच्या आधी-नंतरचे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये. घेतला तर माणसाची प्रकृती एकाएकी बिघडते.

दुसरा तुकडा तीन आठवड्यांपूर्वीचा. पाच-सहा पानांचे लुसलुशीत फुटवे आणि त्यांच्यात करंगळीच्या नखाएवढे बाळघड. भाचा गुडघ्यावर बसला. एवढ्यात पश्चिमेकडून ढग चढू लागले. कडेला सोनेरी किनार, पोटात काळे. तिन्ही पोरे हरखली. "काय आभाळ आलंय!" म्हणत त्यांचे कॅमेरे सुरू झाले.

मालक मात्र गप्प झाले होते. ते आभाळाकडे बघत होते आणि त्यांचा हात वेलाच्या तारेवर घट्ट आवळला होता. या वेळी ढगाळ हवा राहिली तर बाळघड जिरतात, त्यांची नुसती बाळी होते. पाने रात्रभर ओली राहिली तर डाऊनी येतो, म्हणजे आपल्या भाषेत केवडा, आणि तो घडातच शिरतो. वर्षभराचा खर्च त्या नखाएवढ्या घडांत होता.

"घरात फवारणीला कोण आहे?" मी विचारले.

"मी आन् मंडळी. पोरगा भोसरीला कंत्राटी आहे. रजा मागितली तर कामावरून काढतील म्हणतो."

भाच्याने कॅमेरा खाली केला. काही वेळाने म्हणाला, "अण्णा, तुमचा एक फोटो काढू? असेच उभे रहा." आभाळाचे तीस-चाळीस फोटो काढले होते, हा एकच काढला. त्यात तार धरलेला हात आहे, खाली बाळघड आहे आणि वर तो ढग आहे. अण्णांनी मुलाचा नंबर दिला आणि भाच्याने बांधावरूनच फोटो त्याला पाठवला. सोबत काहीच लिहिले नाही.

परतताना मोशीच्या पुढे कारखान्यांचे दिवे दिसू लागले. भाचा एवढेच म्हणाला, "आपल्या सहा एकरात विहिरीला पाणी होतं ना, मामा?" होते. मी तसे सांगितले.

त्या रात्री नारायणगावकडे पाऊस झाला. आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. कडेच्या चार ओळींना डाऊनीने धरले होते, बाकी बाग वाचली. फवारण्या जास्त झाल्या, खर्च वाढला. "पर गुरुवारी पोरगा आला व्हता," ते म्हणाले, "दिवसभर पंप त्यानंच चालवला. फोटू बघून आला म्हणं."

ज्यांना हे खोरे पाहायचे असेल त्यांनी शरदात जरूर जावे. सकाळी लवकर पोचावे, पण अंधारात रानात शिरू नये. मळ्यात जाण्यापूर्वी मालकाला विचारावे, फवारणी चालू असेल तर लांब राहावे, आणि एका बागेतून दुसरीत जाताना पायताणांची माती झटकावी. आम्हाला अण्णांनी माघात बोलावले आहे. तो गुरुवार भाच्याने आतापासूनच राखून ठेवला आहे. या खेपेला कॅमेऱ्याबरोबर कात्रीही घेणार आहे. तोडणीला माणूस कमी पडते म्हणाले होते.