पाइपावरचं झाड, पॉटमधलं तळं

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगकडे जरा मान वर करून बघा. मोरीच्या पाइपाला बिलगून एखादं झाड उगवलेलं दिसणारच! ना माती, ना कुंडी, ना खत. साळुंकीने कुठेतरी फळ खाल्लं, भिंतीच्या फटीत बी पडलं, पावसात रुजलं, की झालं. आमच्या गिरगावातल्या चाळीलाही असं एक झाड होतं, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला. आज ते कांदिवलीत, चौदाव्या मजल्यावर, माझ्या लॅपटॉपच्या टेबलाशेजारी आहे. काचेच्या दोन फुटी टाकीत, पाण्याच्या वर! आणि त्याच्या मुळांमधून गप्पी मासे हिंडतात.

आता हे सगळं कसं जमलं ते सांगते. पहिल्या फटक्यात अजिबात जमलं नाही, तेही सांगते.

त्याचं झालं असं, की दर मे महिन्याच्या शेवटी बाबा गॅलरीतून अर्धे बाहेर वाकून कोयत्याने ते झाड छाटायचे. मुळं भिंत फोडतात म्हणून. आई मागून त्यांचा शर्ट धरून उभी. जूनमध्ये पाऊस पडला की पठ्ठ्या पुन्हा फुटायचा. वीसेक वर्षं हा खेळ चालला. त्यामुळे बुंधा माझ्या मनगटाएवढा जाड आणि उंची जेमतेम दीड वीत. बोन्सायवाले वेगळं काय करतात? वाढ छाटायची, बुंधा जाड होऊ द्यायचा, मुळांना जागा कमी द्यायची, वर्षानुवर्षं. बाबांनी शत्रू समजून नेमकं हेच केलं होतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चाळ रिकामी झाली. रिडेव्हलपमेंट! जाताना प्रत्येकाने काही ना काही उचललं. शेजारच्या काकूंनी दाराची पितळी कडी काढून घेतली, कुणी जिन्याच्या कठड्याचा लाकडी लट्टू नेला. मी मिस्त्रीला गाठलं आणि छिन्नी-हातोड्याने ते झाड मुळांसकट सोडवून घेतलं. सोबत जोत्याचा एक फुटलेला काळा दगड. बाबा म्हणाले, "अगं, ते काय न्यायचं? मोरीचं पाणी पिऊन वाढलंय ते." ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं झाड मांडीवर घेऊन मी चर्नी रोडहून लोकलने कांदिवली गाठली. लेडीज डब्यात तीन जणींनी विचारलं, "भाजी कुठली गं?"

आम्ही सगळे त्याला वड म्हणायचो. ओळखीच्या नर्सरीवाल्याने पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हा नांदरूक." वडाचाच भाऊबंद, पण पानं लहान, गुळगुळीत, चकचकीत. त्याचं शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. घरात ठेवायच्या बोन्सायसाठी जगभर जी झाडं विकली जातात, त्यांत हे अगदी पुढे. म्हणजे परदेशी मॉलमध्ये काचेआड बसणारा हीरो आमच्या मोरीच्या पाइपावर फुकट वाढत होता!

कुंडी आणायची सोडून मी पाण्याच्या मागे का लागले? दोष जपानचा. ताकाशी अमानो नावाचा एक माणूस होऊन गेला (१९५४-२०१५). आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचा फोटोग्राफर, आणि मग फिशटँकमध्ये जंगलं वसवणारा अवलिया. रंगीत खडे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या या पलीकडे पॉटमध्ये काही असू शकतं, हे जगाला त्याने दाखवलं. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने २०१५ साली ४० मीटर लांब टाकी उभारली. त्याचे फोटो पाहताना मला सारखं वाटायचं, हे तर कोकणातल्या व्हाळाकाठचं दृश्य! दगडावर झाड, मुळं पाण्यात, खाली मासे. चीनमध्ये उथळ तबकात पाणी, दगड आणि झाड मांडायची कला बोन्सायहूनही जुनी आहे. बोन्साय जपानला तिथूनच गेलं.

मग एका शनिवारी स्वारी निघाली खरेदीला. मुद्दाम ठाकूरद्वारहून चालत. (सवय, दुसरं काय!) काळबादेवीतून लोहार चाळीत शिरायचं. दिवे, वायरी, स्विच यांची ही पंढरी. तिथे पकडीने टेबलाला लावता येईल असा एलईडी दिवा घेतला. तिथून पुढे क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची इमारत, दारावरची दगडी शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची, लॉकवूड किपलिंग यांची. लहानपणी आईचं बोट धरून इथे आंब्याच्या पेट्या पाहिल्या. वर मान करून शिल्पं पाहिली ती पहिल्या पगारानंतर. मासे आणि पक्षी मागच्या अंगाला. पिंजऱ्यांपाशी मला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा तडक टाक्यांकडे.

दुकानदाराला मी सांगितलं, पाण्यावर बोन्साय हवंय. त्याने लगेच एक तयार 'झाड' काढून दाखवलं. वेड्यावाकड्या ड्रिफ्टवूडच्या फांद्यांना जावा मॉसचे झुबके चिकटवलेले. लांबून अगदी झाड! खोटं कशाला बोलू, दिसतं देखणं. पाण्याखाली ठेवलं तर टिकतंही छान. पण पाण्याच्या वर काढलं, की एसीच्या हवेत दोन दिवसांत वाळून कोळ. ज्यांना महिन्यातले पंधरा दिवस टूरवर जावं लागतं, त्यांनी बिनधास्त हेच घ्यावं, पाण्याखाली बुडवून. माझ्याकडे मात्र जिवंत ऐवज बादलीत वाट बघत होता.

टाकी घेतली २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५४ लिटर, पण आपल्याला दोन तृतीयांशच भरायचीय. तरी काच, खडे, दगड धरून वजन ६०-७० किलोपर्यंत जातं. तेव्हा ते नाजूक बुकशेल्फ विसरा! काचेच्या तळाशी थर्माकोलचा तुकडा, त्यावर दगड. नाहीतर दगडाच्या एका टोकावर भार येऊन काच तडकायची.

दगडाचं एक गुपित आहे. आपला काळा बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही, म्हणून उत्तम. पण त्याच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे खडे असतात. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, पाणी जड होणार. माझा दगड पास झाला. नापास झाली ती मुळं! जुन्या भिंतीचा चुना मुळांच्या जाळीत घट्ट बसला होता आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही.

आता ऐका माझा पराक्रम. रविवारी टाकी मांडली, मुळं पाण्यात सोडली, फिल्टर लावला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जावं म्हणून पाणी आधी एक दिवस बादल्यांत ठेवलं होतं, एवढं मात्र शहाणपण. एका दुकानात विचारलं, मासे कधी सोडू? "आजच सोडा की!" मी आठ निऑन टेट्रा घेऊन आले. निळ्या-लाल रेघा, काय दिसत होते! गुरुवारी ऑफिसमधून आले तर सहा तरंगत होते. उरलेले दोन शुक्रवारी गेले. आणि झाडाने? त्याने दहा दिवसांत एकूण एक पान टाकून दिलं.

त्या आठवड्यात मी टाकीवर चादर टाकून ठेवली होती. बाबा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. आधीच या चौदाव्या मजल्यावर त्यांचं बोलणं कमी झालेलं. तिथे गॅलरीत उभं राहिलं की दहा माणसं बोलायला. इथे लिफ्ट.

मग जरा अभ्यास केला, जो आधी करायचा असतो. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, आणि झाडाला तर खाऊच. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणं म्हणजे मोरी बांधायच्या आधी पाहुणे बोलावणं. वर चुन्याने पाणी जड झालेलं, आणि निऑनना हवं मऊ पाणी. दोन्हीकडून मार.

झाडाचीही तीच गत. कोरड्यात वाढलेली मुळं एकदम पाण्यात बुडवली की गुदमरून कुजतात. झाडाला पाण्यातली वेगळी, पांढरी, लुसलुशीत मुळं नव्याने काढावी लागतात. नखाने बुंध्याची साल जरा खरवडून पाहिली. आत हिरवं! मग नव्याने सुरुवात. मुळं बादलीत बुडवायची, रोज पाणी बदलायचं, जुन्या टूथब्रशने चुना काढायचा. कुजकी मुळं कापून टाकली. कापलं की पांढरा चीक येतो, तो धुऊन, थांबल्यावरच पुढचं. हे टूथब्रशचं काम तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. "तुला जमत नाहीये. भिंतीचा चुना आहे तो, असा निघत नाही."

दोन आठवड्यांनी झाड दगडावर बसवलं. या वेळी बुंध्याचा गळा पाण्याच्या चार बोटं वर, फक्त खालची एक तृतीयांश मुळं पाण्यात. मधल्या भागात उकळून घेतलेला काथ्या सुती दोऱ्याने गुंडाळला, तो वातीसारखा पाणी वर ओढतो. (उकळा बरं का, नाहीतर टाकीत चहा!) वरून पारदर्शक पिशवीची टोपी, आत दमटपणा राहावा म्हणून. दिवा रोज आठ तास, जास्त लावला तर शेवाळाची चंगळ. टाकी चालू राहावी म्हणून चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या पाण्यात टाकत राहायचं, म्हणजे जिवाणूंचं पोट भरतं. बाबा रोज विचारायचे, "भुतांना जेवण घातलंस का?"

पाचव्या आठवड्यात बुंध्यावर एक लाल टोक दिसलं. मग तीन. पिशवी काढली तेव्हा काचेतून खाली बघितलं, तर दगडाच्या कडेने पांढरे धागे उतरत होते. टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तेव्हा सहा गप्पी आणले. गप्पीच का? थोडं जड पाणी त्यांना मानवतं. शिवाय उघडी टाकी म्हणजे डासांना आमंत्रण आणि गप्पी अळ्या फस्त करतात. महापालिका विहिरींत सोडते ते हेच. आता दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं. झाडाला खत नाही आणि कीटकनाशकाचा फवारा तर चुकूनही नाही, खाली मासे आहेत.

जपानमधली एक गोष्ट मी बाबांना सांगितली. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले कित्येक बोन्सायवाले आपली झाडं घेऊन शहराबाहेर ओमियाला गेले. १९२५ साली तिथे बोन्सायचं गावच वसलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "परत आले का टोकियोत?" आमच्या नव्या बिल्डिंगचा ताबा तेव्हा दोनदा पुढे गेला होता.

मे २०२४ मधली एक दुपार. मी मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले, टाकीकडे बघत. झाड चांगलं हातभर पसरलेलं. हातात माझी नखं कापायची कात्री.

"कोयता नाही ना इथे," ते म्हणाले. "पाऊस यायच्या आत छाटायला हवं."

मी माइक म्यूट केला आणि त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.