आमची जपानी गाडी

दिवाळीच्या साफसफाईत माणसाला काय सापडेल ह्याचा नेम नसतो. कुणाला हरवलेली मोत्याची कुडी सापडते, कुणाला पंधरा वर्षांपूर्वी लिहून पेटीत टाकायचे राहिलेले पत्र. मला गेल्या वर्षी एक सत्य सापडले, आणि तेही गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, सत्य ही वस्तू फराळाच्या दिवसांत सापडू नये. हातातली चकली धड खाल्ली जात नाही.

आमची गाडी म्हणजे १९८५ सालची मारुती. गिरगावातली खोली विकून आम्ही भाईंदरला आलो आणि १९९२ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती आपल्या कचेरीतल्या साहेबांकडून घेतली. मारुती हा आमच्याकडे पुरुष देव. ब्रह्मचारी, शेंदराने माखलेला. पण तो गाडीच्या रूपाने घरात आला आणि एका रात्रीत स्त्रीलिंगी झाला! ‘मारुती आली’, ‘मारुती धुतली’, ‘मारुती आज रुसली आहे’ असे आम्ही सर्रास बोलू लागलो. शनिवारी तेल वाहणाऱ्या माझ्या आजीलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

अण्णा मात्र तिला मारुती म्हणत नसत. ते म्हणत, ‘आमची जपानी गाडी’. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खाली नेऊन बॉनेट उघडून दाखवत आणि म्हणत, “इंजिन जपानी आहे, बरं का!” पाहुणा मान हलवी. अण्णांच्या तोंडी हा शब्द तसा बराच स्वस्त होता. न गळणाऱ्या छत्रीला ते जपानी म्हणत. पहाटे पाचाच्या ठोक्याला दूध टाकणारा आमचा दूधवाला मूळचा जौनपूरचा, पण अण्णांच्या लेखी तोही जपानीच.

गाडीच्या बाबतीत मात्र त्यांच्या बोलण्याला इतिहासाचा आधार होता. १४ डिसेंबर १९८३ ह्या दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हाती दिल्या. किंमत होती ४७,५०० रुपये. सुरुवातीच्या त्या गाड्यांचे भाग जपानातून सुझुकीकडून यायचे आणि गुडगावला फक्त जोडले जायचे. पुढे एकेक भाग इकडे बनू लागला, १९८६ साली गाडीचा आकारही बदलला. आमची गाडी त्या आधीच्या बसक्या चौकोनी घाटाची. तेव्हा तिचे इंजिन जपानी असणे अगदी शक्य होते.

अण्णा जाऊन आता सहा वर्षे झाली. गाडी इमारतीच्या मागे उभी असते. भाईंदरची हवा खाडीची आणि मिठागरांची. ह्या हवेत माणसाची भूक वाढते आणि गाडीचा पत्रा कमी होतो. मागच्या सीटखालची जमीन इतकी खाल्ली गेली होती की, पाऊस पडला की गाडीत पाणी वरून न येता खालून येई. शेवटी मी ती विकायचे ठरवले आणि सल्ल्यासाठी भाच्याला बोलावले.

हा आमचा भाचा मीरा रोडला राहतो आणि कॉलेजात जातो, पण त्याचा जीव आहे जुन्या जपानी गाड्यांत. त्यांतली एकही त्याने चालवलेली नाही. संतांनी वैकुंठाचे वर्णन करावे तसे तो त्यांचे वर्णन करतो. त्याच्याकडून मला कळले की, जपानात अशा गाड्यांना ‘क्यूशा’ म्हणतात. मला वाटले, केवढा गूढ अर्थ असेल! पण ‘क्यू’ म्हणजे जुनी आणि ‘शा’ म्हणजे गाडी. बस्स. ‘हाकोसुका’ नावाच्या एका गाडीपुढे तर तो हात जोडायचाच काय तो बाकी राहतो. हाको म्हणजे खोका, आणि सुका हे स्कायलाइन ह्या नावाचे जपानी तोंडात झालेले रूप. आमच्या उत्तनकडे सुका म्हटले की बोंबीलच आठवायचा. पण ते असो. आपल्याकडे नाही का, पन्नाशीतल्या गोलमटोल फियाटला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत? आणि पुढच्या फियाटचे नाव कंपनीने बदलून पद्मिनी ठेवले, तरी टॅक्सीवाल्याच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. प्रेमाने ठेवलेले नाव कारखान्याला विचारून ठेवत नाहीत.

“मग आपली गाडीसुद्धा जपानी क्यूशाच की!” मी म्हणालो.

“तसं सरसकट म्हणता येत नाही, मामा,” तो गंभीरपणे म्हणाला. “जपानच्या बाजारासाठी बनली ती जेडीएम. तिथं छोट्या गाडीला तेव्हा ५५० सीसीची मर्यादा होती. आपलं इंजिन ७९६ सीसीचं. ते बाहेरच्या देशांसाठी.”

म्हणजे आमची जपानी गाडी जपानातच परकी होती! मी त्याला म्हटले, “अरे, मग प्रीमियरची ती ११८ एनई कोण? अंग फियाटच्या घराण्यातलं, काळीज निसानचं आणि आडनाव प्रीमियरचं. तिच्या पत्रिकेत गोत्र काय लिहायचं?” ह्यावर तो नुसता हसला. शास्त्री लोक अवघड प्रश्नावर हसतात तसा.

पण एक गोष्ट त्याने मला फार चांगली सांगितली. त्या हाकोसुकाची जीटी-आर नावाची, शर्यतीच्या इंजिनाची गाडी १९६९ साली आली. साध्या गाडीच्या चॅसिस नंबरात जीसी-१० असते, हिच्यात पीजीसी-१०. एवढ्या एका ‘पी’वर किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून लोक साध्या गाडीला जीटी-आरची अक्षरे चिकटवतात. “तसं सांगून केलं तर त्याला ट्रिब्यूट म्हणतात,” भाचा म्हणाला, “आणि न सांगता केलं तर फेक.” मी थक्क झालो. लोखंड तेच, अक्षरे तीच. फरक काय तो मालकाच्या तोंडात.

ठाण्याचे एक हौशी गृहस्थ गाडी बघायला रविवारी येणार होते. त्यांना ‘ओरिजिनल’ हवी होती, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, आणि ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीचे पहिले इंजिन अजून तिच्यातच. म्हणून नंबर ताडून पाहायला मी कागदांची पिशवी काढली, आणि तिथे ते सत्य निघाले. आर. सी. बुकाच्या आतल्या पानावर शिक्का होता : इंजिन बदलले. साल २००५. सोबत काशीमिऱ्याच्या एका मिस्त्रीची पावती.

२६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! आमच्या आवारात पाणी गाडीच्या काचेपर्यंत चढले होते. तीन आठवडे ती गॅरेजात होती. परत आणली तेव्हा अण्णा म्हणाले होते, “साफ करून घेतली.” आणि त्यानंतर चौदा वर्षे पाहुण्यांना बॉनेट उघडून सांगत राहिले, “इंजिन जपानी आहे, बरं का!” जन्मात कधी तिकिटाशिवाय लोकलमध्ये न चढलेला माणूस! मला फार वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर त्याहून वाईट गोष्ट मी केली. मी भाच्याला म्हणालो, “इंजिनावरचा नंबर कोण वाचत बसतोय?”

भाचा काही बोलला नाही. बोलली ती आई. ती करंज्यांना मुरड घालत होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “माझ्या भिशीचेच पैसे गेले त्यात. ताईचं लग्न चार महिन्यांवर आलेलं. तिची पाठवणी ह्याच गाडीतून करायची, असं व्याह्यांना सांगून बसले होते. लग्नघरात इंजिन मेलं म्हणून कुणाला सांगायचं?”

“पण पुढं तरी जपानी कशाला म्हणायचं?”

“ते दगा न देणाऱ्या वस्तूला जपानी म्हणायचे. मग ह्या इंजिनानं कधी दगा दिला का?” तिने करंजी ताटात ठेवली. “आणि सरकारात खरं तेच नोंदवलंय ना?”

मी त्या शिक्क्याकडे पुन्हा पाहिले. लग्नाच्या धावपळीत, सुट्टी काढून, ठाण्याच्या कचेरीत रांग लावून अण्णांनी ती नोंद करून घेतली होती. फेक करणारा माणूस असा शिक्का मारून घेत नाही. तरीही ते आम्हा मुलांना सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. भाच्याच्या कोशातले दोन्ही शब्द अण्णांना लागू पडत नाहीत. आणि तिसरा मला अजून सापडलेला नाही.

रात्री बसून मी सगळे कागदावर लिहिले : इंजिन २००५ मध्ये बदललेले; डॅशबोर्डला पंख्यासाठी पाडलेले भोक; मागच्या उजव्या दारावर निळा तुकडा. हा तुकडा माझा. १९९९ साली गाडी शिकताना मी दार फाटकावर घातले, तेव्हा अण्णांनी खिडक्यांच्या गजांचा उरलेला निळा ऑइलपेंट ब्रशने फासला होता. मला शब्दाने बोलले नव्हते.

ठाण्याच्या गृहस्थांनी तो कागद नीट वाचला. माणूस सज्जन. म्हणाले, “घेतो. निळा काढू. त्याच सालचं एखादं इंजिन शोधून बसवू, की झाली ओरिजिनल.”

हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच कुणाच्या गाडीतले, आम्ही कधी न पाहिलेले इंजिन बसवले की आमची गाडी ओरिजिनल होणार! आणि माझ्या बहिणीला सासरी नेणारे, अण्णांना शेवटी इस्पितळात नेणारे इंजिन ओरिजिनल नाही म्हणून भंगारात जाणार! त्या गृहस्थांचे चुकत होते असे नाही. ते कारखान्याच्या दारापासून मोजत होते, मी आमच्या दारापासून. मी हात जोडले आणि त्यांना फराळ दिला.

सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे मूळ स्वरूपातली गाडी ५० वर्षांची झाली की ‘विंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. पहिली मारुती २०३३ मध्ये त्या वयाची होईल. भाच्याने सांगितले की, जपानातले इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडात जसेच्या तसे पुन्हा बांधतात. गेल्या खेपेला २०१३ मध्ये बांधले, पुढची पाळी २०३३ चीच. तिथे कुणी विचारत नाही, देऊळ मूळचे का? आपल्याकडेही ह्याला शब्द आहे, जीर्णोद्धार. तोच मी मिस्त्रीला सांगितला. सडलेली जमीन काढून नवा पत्रा घातला, ब्रेक नवे केले. इंजिन आणि निळा तुकडा तसाच ठेवला.

पाडव्याला आईला घेऊन उत्तनला गेलो. बंदरावर एक म्हातारे गृहस्थ गाडीभोवती फेरी मारून आले, निळ्या दारापाशी थबकले आणि मला म्हणाले, “ओरिजिनल काय हो?”

मी उत्तर जुळवू लागलो. पण आईने काच खाली केली आणि म्हणाली, “जुनी आहे.”