विंगेतल्या आठ मात्रा

बासष्टच्या युद्धावरचं नाटक होतं. वडशाला तालीम चालली होती. दिग्दर्शक म्हणाले, "चिनी फौज येते तिथं चिनी काहीतरी वाजलं पाहिजे. इटियाडोहजवळच्या तिबेटी कॅम्पातली ती लांब तुतारी रेकॉर्ड करून आणा."

झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवण्यात माझी वीस वर्षं गेली, तरी तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेलो. गोठणगावजवळची ही नॉर्ग्येलिंग वसाहत 1972 पासूनची. पहाटेच्या पूजेला दोन दुंगचेन लागले होते, त्याच त्या तुताऱ्या, माणसाहून लांब. एकाचा दम सरत आला की दुसरा सूर उचलायचा, मध्ये फट म्हणून नाही. शेजारी ग्यालिंग. दुहेरी पातीची, आपल्या सनईच्या कुळातली. चीनची सुओनाही त्याच कुळातली. तिच्या नावात फारसी 'सुरना' अजून ऐकू येतो. वादक गालात हवा धरून नाकानं श्वास घेत होता. एवढ्या जवळून मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

रेकॉर्डर पिशवीतच राहिला. ज्या फौजेपायी यांचा मुलूख सुटला, तिच्या पावलांना यांच्याच पूजेचा सूर कसा लावायचा?

मग खरी चिनी वाद्यं ऐकत बसलो. पिपाला चारच तारा. पण इसवी सनापूर्वी 202 मधल्या गाईशियाच्या लढाईवरची जुनी रचना वाजवताना वादक तारा एकमेकींवर पिळतो आणि तलवारी भिडल्यागत खणखणाट होतो. त्याहून मला धरून ठेवलं ते जॉन वू यांच्या 'रेड क्लिफ'नं (2008). सेनापती आणि मुत्सद्दी समोरासमोर बसून गुचिन वाजवतात. सात तारांचं, खोलीबाहेर जेमतेम ऐकू जाणारं वाद्य. युद्धाचा शब्दही निघत नाही, आणि वादन संपतं तेव्हा लढायचं ठरलेलं असतं. इतकी वर्षं मी लढाई आली की ऑक्टोपॅडवाल्याला खूण करत आलो होतो.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री पहिला प्रयोग झाला. फौज यायच्या आधी मी बोटं उचलली. आठ मात्रा काहीच नाही. मग ऑर्गनचा खर्जातला एकच सूर, त्याचं विरत जाणं, पुन्हा शांतता. मांडवात शेंगा फोडायचा आवाजही थांबला.

दिग्दर्शक विंगेत उभे होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या प्रयोगाआधी जवळ येऊन म्हणाले, "त्या आठ मात्रांच्या बारा करा."