दोन हकिगती

लग्नाहून परतलेल्या दोन पाहुण्यांच्या हकिगती कधी जुळल्या आहेत का? एकाच्या पानावर जिलबी गरमागरम आलेली असते. दुसऱ्याच्या पानापर्यंत ती पोचलेलीच नसते! अशा हकिगती शेजारी शेजारी मांडून ताडून पाहण्याची मला भारी हौस. त्या हौसेपायीच मी युरी गागारिनच्या चरित्राकडे वळलो.

तसा हा माणूस आमच्या घरातलाच. १२ एप्रिल १९६१ रोजी त्याने ‘वस्तोक’ यानातून १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी घातली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मुंबईत आला. आमचे नाना त्याला पाहायला गर्दीत उभे होते. “अरे, एवढासा पोरगा तो! माझ्या खांद्याला लागला असता!” हे आम्ही दर दिवाळीला चकलीबरोबर ऐकत असू. क्लुशिनो गावच्या सुताराचा हा मुलगा. महायुद्धात जर्मनांनी घर बळकावले तेव्हा आईबापांबरोबर जमिनीत खणलेल्या खोपटात राहिलेला. तो आभाळाला शिवून आला याचे नानांना कोण कौतुक!

हकिगती ताडू लागलो तो पहिली गाठ लागली उड्डाणाच्या जागेची. सोव्हिएत निवेदनात नाव बैकोनूरचे. यान उडाले ते तिथून शेकडो किलोमीटर दूरच्या त्युरातामजवळून. लष्करी गुपित म्हणून हे समजण्यासारखे होते. दुसरी गाठ मात्र उतरण्याची. सरकारी हकिगतीत गागारिन यानात बसूनच खाली आला. प्रत्यक्षात सुमारे सात किलोमीटर उंचीवर तो आसनासकट बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने सारातोव्ह प्रांतातल्या एका शेतात उतरला. यान निराळे पडले. यानाचा जमिनीवरचा आदळा माणसाला सोसणारा नव्हता, म्हणून योजना पहिल्यापासून हीच होती. मग लपवायचे कशाला? तर, विक्रमांची नोंद करणाऱ्या आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचा नियम असा, की उडणाऱ्याने आपल्या वाहनातच उतरावे! एका कलमापायी खरी गोष्ट १९७१ पर्यंत दडवली गेली.

हे सांगितले तेव्हा नानांचा चेहरा उतरला. “म्हणजे तो खोटं बोलला म्हणायचा?”

नानांच्या त्या प्रश्नाने मला पुन्हा कागदांकडे धाडले. उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी गागारिनने शासकीय आयोगापुढे सारा वृत्तांत सांगितला होता. तो कित्येक वर्षे गुप्त राहिला. त्यात काही झाकलेले नाही. परतताना यंत्रांचा भाग दहा-बारा सेकंदांत सुटायचा, तो त्याच्या अंदाजाने दहा मिनिटांनी सुटला. तोवर यान भोवऱ्यासारखे गरगरत होते. छत्रीखाली लोंबत असताना श्वासासाठी बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडेना. तिच्याशी तो सहा मिनिटे झगडला.

म्हणजे माणूस एक आणि हकिगती दोन. जगापुढे मांडलेली वरिष्ठांनी बेतलेली. सत्तावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याला ती मोडणे शक्य नव्हते. दुसरी मात्र ज्यांच्या हातून पुढचे यान घडायचे त्यांच्यासाठी. तिथे एक शब्द लपवला असता तर एखाद्या सोबत्याच्या जिवावर बेतले असते. चारच महिन्यांनी गेर्मान तितोव्ह तसल्याच यानातून गेला.

नानांना हे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, सात किलोमीटरवरून उडी! हे लपवण्यासारखं होतं, की मिरवण्यासारखं?”

मिरवण्यासारखेच होते. पुढे महासंघानेही त्याचा विक्रम कायम ठेवला. पण खरी हकीगत पहिल्या दिवसापासून दोघींना ठाऊक होती. आना ताख्तारोवा ही बाई आपल्या नातीसह शेतात काम करीत होती. नारिंगी पोशाखातला, पांढऱ्या शिरस्त्राणाचा माणूस समोरून येताना पाहून दोघी घाबरल्या, मागे सरू लागल्या. त्याने हाक मारून सांगितले, की भिऊ नका, मी तुमच्यातलाच आहे. आणि मॉस्कोला कळवायला टेलिफोन कुठे मिळेल, याची चौकशी केली.