शुक्रवार, संध्याकाळी सात

‘सोडली’ हा शब्द आपण फार पटकन वापरतो. ‘अमक्यानं सोडली बरं का!’ माझ्या दादानं तर तीनदा सोडली होती. एकदा आईची शपथ घेऊन, एकदा श्रावण पाळून आणि एकदा लिव्हरचा रिपोर्ट बघून हादरल्यावर.

चौथ्या वेळी वहिनीनं त्याला अ‍ॅडमिट केलं. डिटॉक्स आठवडा-दहा दिवसांचं असतं, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखालीच हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट्स येतात, जिवावरही बेततं. दादाच्या हातांची थरथर थांबली आणि आम्ही म्हटलं, चला, सुटलो! काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, ‘‘आता तर काम सुरू होईल.’’

थेरपी म्हटलं की आपल्याला पिक्चरमधला तो कोच आठवतो. दादाला मिळाली चक्क एक शंभर पानी वही. प्यावंसं वाटलं की लिहायचं. किती वाजले होते, कुठे होतास, सोबत कोण, डोक्यात काय चाललं होतं? तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. पार्टी नाही, मॅच नाही. शुक्रवार, संध्याकाळी सात, हिंजवडीहून घरी येताना गाडीत एकटा, आणि डोक्यात बॉसचं बोलणं. ‘आपण काही कामाचे नाही’ हे वाक्य वहीत अकरा वेळा होतं.

मग दोघांनी तो एक तास नव्यानं आखला. रस्ता बदलायचा, निघण्याआधी काहीतरी खायचं, ठरलेल्या मित्राला फोन करायचा. आणि तरी तलफ आलीच तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट तलफेला लाट म्हणायचे. ती चढते, शिगेला जाते, ओसरते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, तिच्यावर तरंगायचं. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती उतरते. दादा म्हणाला, ‘‘तेवढा वेळ तर वाकडचा पूल ओलांडायलाच लागतो!’’

चौथ्या महिन्यात मावसभावाच्या लग्नात तो दोन बिअर प्यायला. घरात सुतक. ‘‘गेलं सगळं पाण्यात,’’ आई म्हणाली. वहिनीनं बॅग काढली. पूर्वी अशा वेळी दादा ‘आता संपलंच’ म्हणून आठवडाभर पीत राहायचा. या वेळी सकाळी नऊला त्यानं स्वतः मॅडमना फोन लावला. पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा खड्ड्यात जाऊन बसणं वेगळं, हे त्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. माझ्या मते फीचे सगळे पैसे त्या एका फोनमध्ये वसूल झाले.

थेरपी म्हणजे जादू नाही, हेही सांगते. काहींना औषधं लागतात, काहींना एएच्या मीटिंगा. आणि घरच्यांनाही शिकावं लागतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नं व्यसनी माणसाच्या कुटुंबालाही उपचारात बसवलं. आमच्या मॅडमनीही वहिनीला वेगळी वेळ दिली. ‘त्याला ताप आहे’ असे ऑफिसला फोन बंद. रात्री तोंडाचा वास घेणंही बंद.

पहिलं तिला लगेच जमलं. दुसऱ्याला दोन महिने लागले. गेल्या शुक्रवारी दादा साडेआठला आला, तेव्हा ती सीरियलसमोरून उठलीच नाही. ‘‘पोळ्या गरम आहेत, घे,’’ एवढंच म्हणाली.