तिन्हीसांजेची वाटी

तुळशीपाशी दिवा लावून झाला की मी मागल्या दारी येते. हातात स्टीलची वाटी, तिच्यात काटे काढून भातात कालवलेली उकडलेली मासळी. वाटीच्या काठावर चमचा तीनदा वाजवायचा आणि थांबायचं. आधी रातांब्याखालचा पाचोळा जरासा हलतो. मग गडग्यावर दोन हिरवट ठिपके लुकलुकतात आणि शेपटी उभी धरून चिंगी खाली उतरते. पायाला एकदा अंग घासते, मगच वाटीत तोंड घालते. ती आत आली की मी दाराला कडी घालते. रात्र बाहेर राहते, मांजर आत.

ही रीत घरात आली ती गोट्या गेल्यावर. गोट्या आमचा पिवळा बोका. कधीही जायचा, कधीही यायचा. ‘बोक्याची जात, फिरायचीच’ असं सगळे म्हणत, मीही म्हणे. दोन-दोन दिवस पत्ता नसे. एकदा गालफड सुजवून परतला. दुसऱ्या बोक्याच्या दाताची टिकलीएवढी जखम वरून मिटली होती, आत पू धरला होता. त्यातून तो उठला. पण एका पहाटे दूध घालणारा मुलगा दारात येऊन म्हणाला, ‘काकी, तुमचा बोका वळणावर पडलाय.’ मी त्याला पदरात घेऊन आले. रस्ता आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. ती शंभर पावलं मी तोवर कधी मोजलीच नव्हती.

म्हणून चिंगी आली तेव्हा मी तिला घरातच ठेवलं. पहिला महिना ते योग्यही होतं. नव्या जागेचा वास अंगात मुरायच्या आधी मांजर बाहेर सोडलं, तर ते जुन्या जागेच्या शोधात भरकटतं. पण महिन्याचे चार महिने झाले. ती दिवसभर खिडकीच्या गजांशी बसे. बाहेर चिमण्या उतरल्या की तिचा जबडा थरथरे आणि घशातून बारीक किटकिट निघे. पुढे पुढे ती पोट चाटत बसू लागली, इतकं की तिथले केस गेले आणि गुलाबी कातडी दिसू लागली. त्या उघड्या कातडीवर बोट ठेवलं तेव्हा कळलं, जीव वाचवणं आणि जगू देणं या दोन गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी गहाण टाकता येत नाही.

मांजर घराला धरून असतं म्हणतात. पण कोकणात घर म्हणजे का चार भिंती? पडवी, खळं, न्हाणी, परसू, गडगा हे सगळं मिळून घर. चिंगीचं घर गडग्यापर्यंत न्यायचं, असं मी ठरवलं. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीने हेच तिच्या परीने केलं. कबुतरामागे झेपावताना मांजराचा कठड्यावरून तोल जातो, म्हणून गॅलरीला पक्की जाळी ठोकली, आत गवताची कुंडी आणि उंच फळी ठेवली. तिचं परसू तेवढंच, पण ऊन त्यातही पडतं.

एका सकाळी मी परसात खाली बसून, मांजराच्या उंचीवरून सगळं पाहिलं. वीस वर्षं पायाखालची ती जागा अनोळखी वाटली. विहिरीवर जाळी होती, पण रहाटाकडची बाजू उघडी. पाण्याच्या पिंपाला झाकण नाही. सुपारीच्या खोपीत उंदरांसाठी टाकलेलं औषध. ते खाल्लेला, झिंगलेला उंदीर मांजराच्या सहज हाती लागतो आणि विष पुढे चालतं. न्हाणीमागे उरलेल्या चिऱ्यांचा ढीग, म्हणजे फुरशांना आयतं बीळ. मांजर सापाशी पंजाने खेळायला जातं, आणि विष त्यालाही चढतं. आठवडाभर आम्ही तेवढंच आवरलं. ढीग हलवला, झाकणं केली, औषध काढून पिंजरा लावला. मग चिंगीसाठी फणसाचा एक ओंडका आडवा टाकला नखं घासायला, कोपऱ्यात वाळू ओतली आणि पडवीच्या वाशाखाली एक फळी ठोकली. मांजराला उंचावरून सगळं दिसलं आणि पाठीशी भिंत असली की ते निर्धास्त झोपतं.

बाहेर सोडायच्या आधी डॉक्टरांकडे नेलं. रेबीजची लस टोचली, मांजरांच्या इतर रोगांचीही. पाच-सहा महिन्यांची होताच ऑपरेशन करून घेतलं. माई, माझ्या सासूबाई, हळहळल्या. ‘मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते, तेवढं तरी बघू दे तिला,’ म्हणाल्या. मी त्यांना गोट्याच्या गालफडाची आठवण करून दिली. बोके भांडतात आणि लांब लांब भटकतात ते बरंचसं माजावरच्या मांजरीसाठी. मांजरी जेमतेम दोन महिने पोटात वागवून पिल्लं घालते, आणि त्यातली कितीतरी वळणावरच संपतात. माई काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. माणसाची तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधी द्यायची नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध तिच्या अंगाला लावायचं नाही.

तरी माझ्या हातून चूक झालीच. पाखरांना तिची चाहूल लागावी म्हणून मी तिच्या गळ्यात नायलॉनच्या फितीत ओवलेलं घुंगरू बांधलं. तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीतून क्षीण ओरडणं आलं. फीत काट्यात अडकली होती, सोडवायला तिने पुढचा पाय आत घातला होता आणि तोही काखेपर्यंत रुतला होता. कात्रीने फीत कापताना तिचं काळीज माझ्या तळहातात धडधडत होतं, पण तिने मला एकदाही ओरबाडलं नाही. आता तिच्या गळ्यात ताण पडताच सुटणारा पट्टा आहे, त्यावर आमचा फोन नंबर. बुलबुलाने परसातल्या पेरूवर घरटं केलं तेव्हा घुंगरावर न विसंबता आम्ही खोडाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळला, उंदीर चढू नयेत म्हणून माडाला लावतात तसा. दोन्ही पिल्लं उडाली. तीही याच परसातली.

आणि शेवटची ही वाटी. संध्याकाळचं मोठं जेवण दिवेलागणीलाच, त्याआधी नाही. भूक तिला घराकडे वळवते आणि चमच्याचा नाद वाट दाखवतो. अंधार पडला की रस्त्यावर गाड्यांचे दिवे तिचे डोळे दिपवतात, गावातली कुत्री टोळीने फिरतात, कधी बिबट्या खळ्यापर्यंत येऊन जातो. दिवस तिचा, रात्र माझ्या जिम्म्याची.

मांजराचं असं दाराशी येणं फार जुनं आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं. शेती करणाऱ्या माणसांनी धान्य साठवलं, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आलं. गाय-बैलासारखं त्याला कुणी दावं लावून आणलं नाही. चिंगीला अंधारात दाराकडे येताना पाहते तेव्हा मला वाटतं, ते येणं अजून संपलेलं नाही. रोज नव्याने यायचं की नाही हे मांजरच ठरवतं. आपण यावंसं वाटेल असं दार राखायचं आणि वाट धोक्याची राहणार नाही एवढं पाहायचं.

गेल्या श्रावणात एकदा वाटी वाजवून वाजवून हात दुखला तरी चिंगी आली नाही. पाऊस कोसळत होता. दिवा विझू नये म्हणून मी आत आले. थोड्या वेळाने मागल्या दारी पुन्हा चमचा वाजला. ‘मांजराची कसली वाट बघायची, येतं आपलं आपण,’ असं आयुष्यभर म्हणत आलेल्या माई डोक्यावर इरलं घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात बॅटरी, पण ती त्यांनी जमिनीकडे धरली होती, चिंगीच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून. पाऊस ओसरला तशी चिंगी खोपीच्या पाख्याखालून निघाली आणि भिजलेल्या अंगाने त्यांच्या लुगड्याला घासून आत गेली.

माईंनी कडी घातली. मग ती लागली आहे ना, हे एकदा हाताने चाचपून पाहिलं.